रेल्वेच्या टाकीत ७० हजार, ट्रकच्या टाकीत १२ ते २९ हजार लिटर : पेट्रोल-डिझेल टँकरचा पूर्ण हिशेब

किरनापूर (तालुका प्रतिनिधी) : जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि मध्य प्रदेश काय, महाराष्ट्र काय, दोन्हीकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. भारतीय न्याय संहितेतील कलम १०६(२) मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, तिला हा विरोध होता. मनमाडजवळच्या पानेवाडी इंधन डेपोतूनही गाड्या निघाल्या नाहीत. २ जानेवारीच्या रात्री केंद्र सरकार आणि वाहतूकदार संघटनेची चर्चा होऊन आंदोलन मागे घेण्यात आले. देशात त्या वेळी इंधन कमी नव्हते. डेपोच्या टाक्यांत ते पडून होते, फक्त पंपापर्यंत आणणारी गाडी थांबली होती.

बाघ नदीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांसाठी ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. किरनापूर, लांजी, आमगाव, सालेकसा या भागात ना रिफायनरी आहे, ना मोठा डेपो. लांबून येणाऱ्या टँकरवरच सगळा कारभार चालतो. त्यामुळे एका टँकरमध्ये नेमकं किती तेल मावतं, रेल्वेची एक रॅक म्हणजे किती टँकर, आणि टाकीवर लिहिलेला आकडा व प्रत्यक्ष मिळणारे लिटर यांत फरक का पडतो, हे प्रत्येक गाडीवाल्याला आणि शेतकऱ्याला माहीत असायला हवं.

थोडक्यात आकडे

• १ किलोलिटर म्हणजे १,००० लिटर. टँकरच्या मागे ‘१२ केएल’ लिहिले असेल तर १२ हजार लिटर समजावे.
• लोखंडी ड्रम : साधारण २०० लिटर.
• दोन एक्सलचा लहान टँकर : बहुधा १२ हजार लिटर.
• तीन एक्सलचा, दहा चाकी टँकर : बहुधा २० हजार लिटर.
• त्याहून मोठे : २४ हजार, आणि ट्रेलरला जोडलेले २९ हजार लिटर व त्यापुढे.
• रेल्वेची आठ चाकी पेट्रोल वॅगन : पोट सुमारे ७० हजार लिटर.
• पूर्ण रॅक, साधारण ५० वॅगन : डिझेल धरले तर ३२ लाख लिटरच्या आसपास.

रेल्वेची टाकी

गोंदिया स्टेशन मुंबई-हावडा मुख्य लाइनवर आहे. तिथे फाटकावर थांबणाऱ्यांनी गोल टाक्यांची लांबच लांब मालगाडी पाहिली असेलच. त्या वॅगनच्या अंगावर बहुतेक वेळा ‘बीटीपीएन’ अशी अक्षरे असतात. बी म्हणजे बोगी, टी म्हणजे टँक, पी म्हणजे पेट्रोल आणि एन म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक. स्वयंपाकाच्या गॅसची वॅगन वेगळी असते, तिची टाकी दाब सहन करणारी व जाड पत्र्याची असते.

बीटीपीएन वॅगनचे रिकामे वजन सुमारे २७ टन आहे. तिच्यात ५४.२८ टन माल भरता येतो, म्हणजे एकूण ८१.२८ टन. हे वजन चार एक्सलवर वाटले जाते, एका एक्सलवर २०.३२ टन. जुन्या रुळांची आणि पुलांची ताकद धरून हा आकडा ठरलेला आहे. काही मार्गांवर आता जास्त भाराची परवानगी असते, तिथे हिशेब थोडा बदलतो. टाकीचे पोट सुमारे ७०.४ किलोलिटर.

आता इथे एक गंमत आहे. ७०.४ किलोलिटरची टाकी आहे म्हणून त्यात तेवढे डिझेल भरता येत नाही. डिझेलचे एक लिटर सुमारे ८३० ग्रॅम भरते. ५४,२८० किलोला ०.८३ ने भागले तर सुमारे ६५,४०० लिटर होतात. म्हणजे टाकीत जागा शिल्लक राहते, पण वजन संपते. पेट्रोल हलके, लिटरला सुमारे ७४० ग्रॅम. पूर्ण ७०,४०० लिटर भरले तरी वजन ५२ टनांच्या आसपासच जाते. म्हणजे पेट्रोलच्या बाबतीत वजनाला वाव राहतो, पण टाकी संपते. त्यातही वर थोडी जागा रिकामी ठेवावीच लागते, कारण तेल तापले की फुगते. कोणतीही टाकी काठोकाठ भरत नाहीत.

म्हणूनच ‘एका वॅगनमध्ये किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. डिझेल असेल तर ६५ हजारांच्या आसपास, पेट्रोल असेल तर सत्तर हजारांच्या थोडे आत, असे म्हणणे बरोबर ठरते.

अमेरिकेत रूळ जास्त भार घेतात, त्यामुळे तिथल्या एका टँक वॅगनमध्ये सुमारे ३० हजार गॅलन, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर मावतात. तिथला रस्त्यावरचा मोठा टँकर सुमारे ९ हजार गॅलनचा, म्हणजे ३४ हजार लिटरचा असतो. आपल्याकडचा आकडा लहान आहे तो रूळ, पूल आणि रस्ते यांच्या ताकदीमुळे.

रस्त्यावरचा टँकर १२ आणि २० हजारांचाच का?

पंपावर येणारे बरेच टँकर १२ किंवा २० किलोलिटरचे दिसतात. यामागेही वजनच आहे. १२ हजार लिटर डिझेलचे वजन सुमारे १० टन. त्यात गाडी आणि टाकीचे सुमारे ६ टन धरले की १६ टन झाले. दोन एक्सलच्या ट्रकला पूर्वी एकूण १६.२ टनांचीच मर्यादा होती. २० हजार लिटर डिझेल म्हणजे १६.६ टन, गाडीचे आठ-साडेआठ टन धरून २५ टन. तीन एक्सलच्या गाडीची जुनी मर्यादाही २५ टनच. हिशेब बरोबर जुळतो.

जुलै २०१८ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने या मर्यादा वाढवल्या. दोन एक्सलला १८.५ टन आणि तीन एक्सलला २८.५ टन झाले. त्यामुळे थोड्या मोठ्या टाकीला वाव मिळाला. पण गाडी जास्त वजन ओढू शकते म्हणून मालकाला मनाने टाकी वाढवता येत नाही. टाकीचे डिझाइन मंजूर करून परवाना घ्यावा लागतो. तो देणारी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संस्था, म्हणजे ‘पेसो’, हिचे मुख्यालय आपल्या जवळच नागपूरला आहे. पेट्रोलियम अधिनियम १९३४ चा आणि त्याखालचे नियम २००२ चे.

टँकरची टाकी बाहेरून एकच दिसली तरी आत कप्पे असतात. १२ हजारांच्या गाडीत बहुधा चार-चार हजारांचे तीन, २० हजारांच्या गाडीत पाच-पाच हजारांचे चार. त्याचे दोन फायदे. एकाच फेरीत दोन कप्पे डिझेल आणि एक कप्पा पेट्रोल आणता येते, लहान पंपाला हे सोयीचे. दुसरे म्हणजे तेल हिंदकळत नाही. अर्धवट भरलेल्या लांब टाकीत वळणावर सगळे तेल एका बाजूला धावते आणि गाडी उलटवते. म्हणून कप्पा एकतर ठरलेल्या खुणेपर्यंत भरतात किंवा पूर्ण रिकामा ठेवतात.

एका रॅकमध्ये किती टँकर?

पन्नास वॅगनच्या रॅकमध्ये सुमारे ३२.५ लाख लिटर डिझेल येते. हेच तेल रस्त्याने आणायचे तर २० हजारांचे १६३ टँकर लागतील, १२ हजारांचे २७१. लिटरला १०० रुपये धरले तर ३२.५ कोटींचा माल एका इंजिनामागे चाललेला असतो. त्याच हिशेबाने १२ हजारांचा टँकर म्हणजे १२ लाख आणि २० हजारांचा म्हणजे २० लाख रुपये. पंपमालकाला हा माल उचलण्याआधी पैसे किंवा उधारीची सोय करावी लागते.

म्हणूनच लांबचा प्रवास पाइपलाइनने किंवा रेल्वेने आणि शेवटचा टप्पा रस्त्याने, अशी देशभर पद्धत आहे. मुंबईच्या रिफायनरींतून भारत पेट्रोलियमची २५२ किलोमीटरची पाइपलाइन मनमाडला येते. नागपूरजवळ बोरखेडी व खापरी, जबलपूरजवळ भिटौनी आणि रायपूरजवळ मंदिर हसौद इथे डेपो आहेत. मध्य प्रदेशची स्वतःची रिफायनरी सागर जिल्ह्यात बीना येथे २०११ पासून चालू आहे. तिची क्षमता वर्षाला ७८ लाख टन.

डेपोपासून पंप जितका लांब, तितके भाडे जास्त. समजा टँकरची एक फेरी २० हजार रुपयांना पडली. २० हजार लिटरचा टँकर असेल तर लिटरमागे १ रुपया बसला. तीच फेरी १२ हजारांच्या टँकरने त्याच भाड्यात केली तर लिटरमागे १ रुपया ६७ पैसे. गावाकडच्या पंपाची टाकी लहान, विक्री कमी, म्हणून गाडीही लहान लागते. आडवळणाच्या पंपावरचा भाव थोडा चढा असण्याचे हे एक कारण.

दुसरे कारण कर. पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीत नाहीत, त्यामुळे प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस बालाघाटला पेट्रोल लिटरला १२० रुपयांच्या वर गेले होते आणि त्याची बातमी देशभर झाली. पुढे नोव्हेंबरच्या सुरुवातीला केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी कमी केले. नदीच्या एका बाजूला एक भाव आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, हे त्यामुळेच.

एक टँकर गावाला किती दिवस पुरतो?

समजा एखाद्या पंपाची पेट्रोल-डिझेल मिळून रोजची विक्री ४ हजार लिटर आहे. १२ हजारांचा टँकर तीन दिवस चालेल. जमिनीखालच्या टाकीत आधीचा साठा असेल तर आणखी एखाद-दोन दिवस. तळाचे थोडे तेल पंपाला ओढता येत नाही, ते साठ्यात मोजू नये.

गाड्यांच्या भाषेत सांगायचे तर ४ हजार लिटरचा पेट्रोलचा एक कप्पा म्हणजे दोन-दोन लिटरने २ हजार मोटारसायकली. ट्रॅक्टरवाल्याने ५० लिटर डिझेल घेतले तर ४ हजारांच्या कप्प्यात ८० ट्रॅक्टर आटोपतात. हा भाग धानाचा. जुलैत चिखलणी आणि रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणी, या दोन हंगामांत डिझेलची मागणी एकदम चढते. नेमक्या त्या दिवसांत टँकर दोन दिवस उशिरा आला तर चिखलणी थांबते आणि परे वाळायला लागतात. म्हणून हंगामाआधी साठा भरून ठेवणारा पंपमालक हुशार समजावा.

पण त्यासाठी लोकांनी डबे-कॅन भरून घरात ठेवणे हा उपाय नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिसले तेच. ज्याला एक लिटर हवे त्याने टाकी फुल केली, आणि तीन दिवसांचा साठा एका दिवसात संपला.

उन्हाळ्यात तेल ‘कमी’ का भरते?

टँकर डेपोतून १२ हजार लिटर घेऊन निघाला आणि पंपाच्या टाकीत ११,९०० च भरले, अशी तक्रार उन्हाळ्यात होते. प्रत्येक वेळी ती चोरीच असते असे नाही. पेट्रोल दर अंश सेल्सियसला सुमारे ०.१ टक्के फुगते किंवा आकसते. १२ हजार लिटर पेट्रोल १० अंशांनी थंड झाले तर सुमारे १२० लिटर कमी दिसते. डिझेल थोडे कमी आकसते, २० हजार लिटरमागे १० अंशांना सुमारे १६५ लिटर. दुपारच्या उन्हात भरलेले तेल जमिनीखालच्या थंड टाकीत उतरले की हा फरक दिसू लागतो. वजन तेवढेच राहते, लिटर बदलतात.

म्हणून जाणकार माणूस लिटरसोबत घनताही पाहतो. डेपोच्या चलनावर १५ अंश तापमानाला धरलेली घनता लिहिलेली असते. पंपावर टँकर आला की नमुना काढून तापमान आणि घनता मोजतात, तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढतात आणि चलनाशी ताडून पाहतात. फरक ३ एककांपेक्षा जास्त आला तर माल उतरवून घ्यायचा नाही, कंपनीला कळवायचे. कारण मग भेसळीची शंका येते.

टँकर मोजण्याची पद्धत जुनीच आहे, डिप रॉडची. प्रत्येक कप्प्यात पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी सोडून तेल किती मिलिमीटरपर्यंत आहे ते बघतात आणि गाडीसोबतच्या तक्त्याशी जुळवतात. हा तक्ता वैध मापन विभाग तपासून देतो, टँकरची फेरतपासणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. गाडी उतारावर उभी असेल तर डिप चुकतो. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, तेल शांत होऊ देऊन मगच माप घेतात. पाण्याची तपासणीही इथेच होते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी धरते, त्यामुळे टाकीत पाणी शिरणे पूर्वीपेक्षा जास्त नुकसानीचे झाले आहे.

ग्राहकालाही हक्क आहेत. पंपावर ५ लिटरचे शिक्क्याचे माप ठेवलेले असते. शंका आल्यास ते भरून मागता येते, त्यात २५ मिलिलिटरपर्यंतच फरक चालतो. घनतेची नोंद आणि फिल्टर पेपरची चाचणीही मागता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

टँकर उलटला तर

टँकरमध्ये किती तेल आहे हे कळण्याचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे. २६ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातच, खरगोन जिल्ह्यातील बिस्टान भागात अंजनगावजवळ इंधनाचा टँकर उलटला. लोक बघायला आणि तेल भरायला जमले. नंतर स्फोट झाला आणि अनेकांचे जीव गेले. पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यात २५ जून २०१७ रोजी सुमारे ४० हजार लिटरचा टँकर उलटला, तिथेही लोक भांडी घेऊन धावले. २०० हून अधिक माणसे गेली.

रेल्वेचा आकडा मोठा, म्हणून धोकाही मोठा. कॅनडात लॅक-मेगँटिक गावात ६ जुलै २०१३ रोजी कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची मालगाडी रुळांवरून घसरली, ४७ माणसे मृत्युमुखी पडली. आपल्याकडे १३ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत तिरुवल्लूरजवळ डिझेलच्या मालगाडीला आग लागली आणि त्या मार्गावरची वाहतूक ठप्प झाली.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत नाली, बांधी आणि खोलगट जागेत साचते. दूरवरच्या बिडीने, मोटारसायकलच्या किकने किंवा चुलीने ती पेटते आणि आग उलटी टँकरपर्यंत धावते. म्हणून रिकामा टँकरही सुरक्षित नसतो, त्यात वाफ भरलेली असते.

अशा वेळी काय करावे :

• तेल भरायला जाऊ नये, दुसऱ्यालाही जाऊ देऊ नये. ५० लिटर तेल विकून ५ हजार मिळतील, जीव परत मिळणार नाही.
• सांडलेल्या तेलापासून किमान ५० मीटर दूर, वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंच जागी जावे.
• टँकर पेटलेला असेल तर चारही बाजूंनी ८०० मीटर जागा मोकळी करावी. गाव जवळ असेल तर घरे रिकामी करावीत.
• गाडी सुरू करू नये, बिडी-सिगारेट पेटवू नये, जवळ उभे राहून मोबाइलवर व्हिडिओ काढू नये.
• पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये. तेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरवते. फोम किंवा लहान आगीवर माती-वाळू चालते.
• ११२ किंवा १०१ वर फोन करून ठिकाण आणि टँकरवरचा क्रमांक सांगावा.

हा क्रमांक टाकीच्या बाजूला आणि मागे असलेल्या फलकावर मोठ्या अक्षरांत असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १२२३ म्हणजे केरोसीन, आपल्याकडच्या बोलीत मातीचे तेल. त्याच्या वर आणीबाणीचा कोड असतो. त्यात ३ आकडा असेल तर आग फोमने विझवायची, आणि शेवटी ई अक्षर असेल तर आजूबाजूचे लोक हलवण्याचा विचार करायचा. फलकावर संपर्काचा फोन नंबरही असतो.

राजेगावच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या टँकरवर तीन गोष्टी वाचायला प्रत्येकाने शिकावे : केएलचा आकडा, चार अंकी क्रमांक आणि फोन नंबर. पहिल्या आकड्याने पंपावर किती माल आला ते कळते. बाकीचे दोन सांगता आले, तर अग्निशमनची गाडी निघतानाच योग्य साहित्य घेऊन निघते.